मालवणमधील पर्यटन

मालवण हे महाराष्ट्राच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील अरबी समुद्राकाठचे एक लहान शहर व तालुक्याचे मुख्यालय आहे. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १९ हजारांहून कमी होती. समोरच्या बेटावरील सिंधुदुर्ग किल्ला, दक्षिणेकडील तारकर्ली व देवबागचे किनारे, समुद्राखालील प्रवाळ आणि मालवणी खाद्यपरंपरा यांमुळे हे शहर कोकणातील प्रमुख पर्यटनस्थळ बनले आहे. मुंबई, ठाणे, कल्याण, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून येथे येणाऱ्यांत पर्यटकांबरोबर मूळ गावी परतणाऱ्या चाकरमान्यांचीही संख्या मोठी असते. दोघांचीही गर्दी बहुधा एकाच सुमारास आणि एकाच गाड्यांना होते.

मालवणच्या सहलीचे वेळापत्रक प्रवाशाच्या सोयीने क्वचितच ठरते. समुद्र केव्हा खुला असेल, रेल्वेचे आरक्षण केव्हा उघडेल आणि ग्रामदेवतेचा कौल कोणत्या दिवसाचा लागेल, या तीन गोष्टी ते ठरवतात. यांपैकी पहिल्या दोन आगाऊ ठाऊक असतात, तिसरी नसते.

नाव व पार्श्वभूमी

‘मालवण’ या नावाच्या दोन व्युत्पत्ती प्रचलित आहेत. एकीनुसार येथील मिठागरांमुळे ‘महा-लवण’ या शब्दापासून हे नाव पडले. दुसरीनुसार माडांच्या बनामुळे ‘माडबन’चे मालवण झाले. दोन्ही लोकप्रिय आहेत. आणि मीठ व माड या दोन्ही गोष्टी या किनाऱ्याच्या परिचयाच्या असल्याने निवड करणे सोपे नाही.

रेल्वे येण्यापूर्वी मुंबईहून मालवणला जाण्याचा मुख्य मार्ग समुद्राचा होता. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या किनारी आगबोटी कोकणातील बंदरे घेत दक्षिणेकडे जात. लहान बंदरांत बोट किनाऱ्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावातून धक्क्यावर येत. पावसाळ्यात ही वाहतूक बंद ठेवली जाई. रस्ते सुधारल्यानंतर हा प्रवास मागे पडत गेला, परंतु पावसाळ्यात मालवणचा समुद्र मिटतो हा त्या काळचा नियम आजच्या पर्यटनालाही लागू आहे.

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला आणि त्याला मालवणसमोरील किल्ल्याचे नाव मिळाले. १९९७ मध्ये हा जिल्हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. पुढच्याच वर्षी, २६ जानेवारी १९९८ रोजी, कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाला. मालवणच्या पर्यटनाची आजची वाढ या दोन घटनांनंतरची आहे. त्यांतही रेल्वेचा वाटा घोषणेपेक्षा मोठा मानावा लागतो.

हंगाम

भूमध्य समुद्राकाठच्या लहान गावांत उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस हिवाळ्यात पडतो. त्यामुळे तेथील पर्यटनाचा भर जुलै-ऑगस्टमध्ये असतो. कोकण किनाऱ्यावर नेमके उलट घडते. जूनमध्ये नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू झाले की समुद्र खवळतो आणि त्याच जुलै-ऑगस्टमध्ये मालवणच्या धक्क्यावरून प्रवासी होडी सुटत नाही. परदेशी किनाऱ्यांची छायाचित्रे पाहून पावसाळी सुट्टीत समुद्रस्नानाचा बेत आखणाऱ्यांची येथे निराशा होते.

किल्ल्याकडे जाणारी होडी वाहतूक व जलक्रीडा साधारणपणे मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यापासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद ठेवल्या जातात. बंदर विभागाकडून दरवर्षी तसा आदेश निघतो; अलीकडच्या काळात ही बंदी २६ मेपासून लागू होत आली आहे. राज्याच्या सागरी क्षेत्रात यांत्रिक नौकांच्या मासेमारीवर १ जून ते ३१ जुलै अशी वेगळी बंदी असते. माशांच्या प्रजननाला वाव मिळावा आणि खवळलेल्या समुद्रात जीवितहानी होऊ नये, असे तिचे दोन हेतू आहेत. या काळात खाणावळीतील ताज्या मासळीचे प्रमाण घटते. खाडीची मासळी व सुकी मासळी तिची जागा घेतात.

कायद्याची तारीख कोणतीही असली तरी परंपरेने समुद्र उघडतो तो नारळी पौर्णिमेला. मालवणात या दिवशी बंदरावर मोठा उत्सव भरतो, व्यापारी व मच्छीमार समुद्राला नारळ अर्पण करतात आणि किनाऱ्यावर नारळ लढवण्याचा खेळ रंगतो. या दिवशी किल्ल्यावर जाता येत नसले, तरी शहर पाहण्यासाठी हा वर्षातील उत्तम दिवसांपैकी एक आहे.

ऑक्टोबरनंतर समुद्र निवळत जातो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात पाण्याची पारदर्शकता तुलनेने चांगली असते, म्हणून स्नॉर्केलिंग व स्कुबा डायव्हिंगसाठी हाच काळ पसंत केला जातो. दिवाळीची सुट्टी, डिसेंबरचा शेवटचा आठवडा आणि मे महिना हे गर्दीचे काळ आहेत. मे महिन्यात दमट उकाडा असह्य होतो. तरीही शाळांच्या सुट्ट्या आणि हापूस आंबा या दोन कारणांनी त्या महिन्याची गर्दी कमी होत नाही. मे अखेरीस चक्रीवादळाचा धोकाही असतो. मे २०२१ मधील ‘तौक्ते’ चक्रीवादळाने मालवण तालुक्याच्या किनाऱ्यावर घरे, बागा, होड्या व वीजवाहिन्यांचे मोठे नुकसान केले होते.

कौलाने ठरणाऱ्या तारखा

मालवण तालुक्यातील मसुरे गावच्या आंगणेवाडी येथील भराडी देवीची जत्रा ही कोकणातील सर्वाधिक गर्दीच्या जत्रांपैकी एक आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिला ठरलेली तिथी नाही. पारंपरिक शिकारीचा विधी झाल्यानंतर देवीचा कौल घेतला जातो आणि त्यानुसार दिवस जाहीर होतो. जत्रा बहुधा फेब्रुवारी किंवा मार्च महिन्यात येते. तारीख जाहीर होताच मुंबई परिसरातून त्या दिवसांच्या गाड्यांची तिकिटे संपू लागतात. रेल्वे विशेष गाड्या सोडते, एसटी जादा बस सोडते आणि मालवण, कणकवली व कुडाळमधील खोल्या भरून जातात. जत्रेसाठी न येणाऱ्या पर्यटकालाही त्यामुळे ही तारीख ठाऊक असणे आवश्यक ठरते. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचे संस्थापक जयंतराव साळगावकर हे मालवणचेच. त्यांनी येथे उभारलेले जय गणेश मंदिर आज एक पर्यटनस्थळ आहे. आंगणेवाडीच्या जत्रेचा दिवस मात्र पंचांग मांडून काढता येत नाही.

तालुक्यातील आचरे गावात ‘गावपळण’ ही प्रथा पाळली जाते. काही वर्षांच्या अंतराने ग्रामदैवत रामेश्वराच्या कौलानुसार सर्व ग्रामस्थ, सर्व धर्मांचे, गुराढोरांसह तीन दिवस व तीन रात्री गावाच्या वेशीबाहेर राहतात. माळावर व नदीकाठी राहुट्या उभारल्या जातात. गाव संपूर्ण रिकामे होते. चिंदर व वायंगणी या गावांतही अशी प्रथा आहे. गावपळणीच्या काळात त्या गावात पाहुण्यांनी मुक्काम करण्याचा प्रश्नच उद्भवत नाही, मात्र वेशीबाहेरच्या राहुट्यांत त्यांचे स्वागत होते.

दिवाळीच्या पाडव्याला मालवण शहरात ग्रामदैवत रामेश्वर व नारायण यांची पालखी निघते. हिला निश्चित तिथी असल्यामुळे त्या दिवसाचे नियोजन सोपे आहे. खोली मिळणे तितके सोपे नाही.

पोहोचण्याचे मार्ग

मालवणला रेल्वे स्थानक नाही. कोकण रेल्वेची जवळची स्थानके कुडाळ, सिंधुदुर्ग (ओरोस) व कणकवली ही होत. यांपैकी कुडाळ सुमारे ३० किलोमीटरवर, तर कणकवली त्याहून बरेच लांब आहे. स्थानकांपासून मालवणपर्यंत एसटी बस व रिक्षा मिळतात, परंतु रात्री उशिरा किंवा भल्या पहाटे उतरणाऱ्यांना एसटीची वाट पाहावी लागते. अंतरापेक्षा आपली गाडी कोठे थांबते हे आधी पाहावे लागते: मुंबई–मडगाव ‘वंदे भारत’ ही २०२३ मध्ये सुरू झालेली गाडी सिंधुदुर्ग जिल्ह्यात कणकवलीला थांबा घेऊन सुरू झाली, तर कोकणकन्या, मांडवी व तुतारी या गाड्या कुडाळलाही थांबतात.

अंबरनाथ, उल्हासनगर व बदलापूर येथील प्रवाशांसाठी एक भौगोलिक अडचण आहे. ही शहरे मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर आहेत, तर मुंबईहून सुटणाऱ्या कोकणातील गाड्या ठाण्यानंतर दिव्याहून पनवेलकडे वळतात. म्हणजे कोकणात जाण्यासाठी आधी मुंबईच्या दिशेने उलटा प्रवास करावा लागतो. यासाठी तीन पर्याय प्रचलित आहेत.

पहिला व सर्वाधिक वापरला जाणारा पर्याय ठाण्याचा. रात्रीची कोकणकन्या किंवा तुतारी पकडण्यासाठी अंबरनाथहून संध्याकाळी वा रात्री निघणारी मुंबईकडची लोकल त्या वेळी तुलनेने रिकामी असते, कारण गर्दीचा ओघ उलट दिशेचा असतो. परतीच्या प्रवासातही हीच सोय होते: रात्रीच्या गाडीने सकाळी ठाण्याला उतरल्यावर कर्जतच्या दिशेची लोकल सामानासह चढण्याजोगी असते. मांडवी किंवा जनशताब्दीसारख्या सकाळच्या गाड्यांसाठी मात्र गर्दीच्या वेळेशी गाठ पडू शकते, आणि त्या वेळी अंबरनाथहून बॅगा व लहान मुले घेऊन लोकलमध्ये चढणे हा प्रवासातील सर्वांत कठीण टप्पा ठरतो.

दुसरा पर्याय दिव्याचा. दिवा–सावंतवाडी ही गाडी सकाळी लवकर दिवा स्थानकातूनच सुटते. ती जवळजवळ प्रत्येक स्थानकावर थांबते, त्यामुळे कुडाळला पोहोचेपर्यंत दिवस सरतो. आरक्षण न मिळालेल्यांची व लहान स्थानकांवर उतरणाऱ्यांची ती मोठी सोय आहे. बहुतेक जलद गाड्या मात्र दिव्याला थांबत नाहीत. तिसरा पर्याय म्हणजे खोणी–तळोजा रस्त्याने पनवेल गाठून तेथून गाडी पकडणे. अंतर कमी असले तरी औद्योगिक वसाहतींमधील जड वाहनांमुळे या रस्त्यावर लागणाऱ्या वेळेचा अंदाज बांधता येत नाही.

१ नोव्हेंबर २०२४ पासून भारतीय रेल्वेने आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. त्यामुळे प्रवासाच्या दोन महिने आधीचा तो एक दिवस महत्त्वाचा ठरतो. गणेशोत्सवाच्या गाड्या आरक्षण उघडताच काही मिनिटांत भरतात. त्या काळात पर्यटनासाठी कोकणात जाण्याचा बेत स्थानिक रहिवाशांच्या जागांवर अतिक्रमण करणारा मानला जातो, आणि ही भावना निराधार नाही. आंगणेवाडीच्या जत्रेबाबत तर दोन महिन्यांचा हिशेब नेहमी जुळतोच असे नाही.

पावसाळ्यात कोकण रेल्वेचे स्वतंत्र वेळापत्रक लागू होते. दरडी व पाणी साचण्याच्या शक्यतेमुळे गाड्यांचा वेग कमी केला जातो आणि प्रवासाचा काळ वाढतो. काही गाड्यांचे दिवसही बदलतात. ऑक्टोबरमध्ये प्रवास करणाऱ्यांनी त्या वर्षी हे वेळापत्रक कोणत्या तारखेपर्यंत आहे हे पाहणे गरजेचे असते, कारण ते पाऊस संपला तरी काही दिवस सुरू राहते.

रस्त्याने जाणारी वाहने पनवेलहून राष्ट्रीय महामार्ग ६६ ने पेण, माणगाव, महाड, चिपळूण, राजापूर व कणकवलीमार्गे कसालला येतात आणि तेथून मालवणकडे वळतात. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचे काम वर्षानुवर्षे रेंगाळल्याने अनेक वाहनचालक पुणे–कोल्हापूर मार्गाने येऊन फोंडा किंवा गगनबावडा परिसरातील घाट उतरणे पसंत करतात. वेंगुर्ला तालुक्यातील चिपी येथील सिंधुदुर्ग विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले. मात्र तेथील विमानसेवेत वारंवार खंड पडत आला आहे. गोव्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ जानेवारी २०२३ पासून प्रवाशांसाठी सुरू झाला व तो अधिक भरवशाचा पर्याय ठरला आहे.

सिंधुदुर्ग किल्ला

मालवणच्या किनाऱ्यासमोर कुरटे नावाच्या खडकाळ बेटावर छत्रपती शिवाजी महाराजांनी हा जलदुर्ग बांधला. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी त्याची पायाभरणी झाली आणि १६६७ मध्ये बांधकाम पूर्ण झाले. हिरोजी इंदुलकर हे बांधकामाचे प्रमुख होते. पायाभरणीच्या वेळी ज्या खडकाची पूजा झाली तो ‘मोरयाचा धोंडा’ शहराच्या किनाऱ्यावर आजही पाहता येतो. त्यावर गणेश, सूर्य व चंद्र यांच्या आकृती कोरलेल्या आहेत. किल्ल्याकडे धाव घेणारे बहुतांश पर्यटक तो न पाहताच परततात.

किल्ल्याचे क्षेत्र सुमारे ४८ एकर असून तटबंदीची लांबी तीन किलोमीटरच्या आसपास आहे. प्रवेशद्वार बुरुजांच्या आड अशा रीतीने बांधले आहे की होडी अगदी जवळ जाईपर्यंत ते दिसत नाही. आतील दूधबाव, दहीबाव व साखरबाव या तीन विहिरींना चारही बाजूंनी खारे पाणी असूनही गोडे पाणी आहे. राजाराम महाराजांनी १६९५ मध्ये बांधलेले शिवराजेश्वर मंदिर येथे असून त्यात शिवाजी महाराजांची मूर्ती आहे. तटावर चुन्यात उमटलेले हाताचे व पायाचे ठसे महाराजांचे असल्याचे मानले जाते. काही कुटुंबे पिढ्यानपिढ्या किल्ल्यातच राहतात. पावसाळ्यात होड्या बंद झाल्या की त्यांचा किनाऱ्याशी संपर्क समुद्राच्या मर्जीवर अवलंबून असतो.

किल्ल्यावर जाण्यासाठी मालवण जेटीवरून स्थानिक होडी व्यावसायिकांच्या होड्या सुटतात. अंतर थोडे असून पंधरा मिनिटांत पोहोचता येते. होडी साधारण तासाभराने परत निघते. तीन किलोमीटरची तटबंदी या तासात फिरून होत नाही. ज्यांना ती पाहायची असते ते निघण्यापूर्वीच होडीवाल्यांशी अधिक वेळेची बोलणी करतात. सकाळी वारा कमी असतो आणि तटावरील दगडही तापलेला नसतो.

११ जुलै २०२५ रोजी युनेस्कोने ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यात सिंधुदुर्गाबरोबरच याच जिल्ह्यातील विजयदुर्गही आहे. किनाऱ्यावरील राजकोट येथे ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले होते. तो पुतळा २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. साडेतीनशेहून अधिक वर्षे लाटा सोसणारा तट समोर उभा असताना घडलेल्या या घटनेची राज्यभर तीव्र प्रतिक्रिया उमटली. त्याच जागी उभारलेल्या नव्या, अधिक उंच पुतळ्याचे लोकार्पण मे २०२५ मध्ये झाले.

तारकर्ली, देवबाग व समुद्राखालील जग

मालवणच्या दक्षिणेस सहा-सात किलोमीटरवर तारकर्लीचा लांब वाळूचा किनारा आहे. त्यापुढे एका बाजूला समुद्र व दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी चिंचोळी पट्टी होत जाते आणि देवबाग येथे नदी समुद्राला मिळते. संगमाजवळील वाळूचा दांडा ‘त्सुनामी बेट’ या नावाने प्रसिद्ध आहे. तो भरती-ओहोटीनुसार लहान-मोठा होतो व उधाणाच्या वेळी पाण्याखाली जातो. देवबागच्या रहिवाशांसाठी मात्र हे दृश्य एवढे रम्य नाही. समुद्राच्या धुपेने येथील वस्ती व माडबागा सतत धोक्यात असतात आणि बंधाऱ्यांची मागणी दर पावसाळ्यात नव्याने होते.

सिंधुदुर्ग किल्ला व पद्मगड यांच्या भोवतालच्या उथळ पाण्यात प्रवाळ आढळतात. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर प्रवाळ मोजक्याच ठिकाणी असल्याने या जागेचे महत्त्व मोठे आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी येथे मालवण सागरी अभयारण्य घोषित करण्यात आले. त्याचे क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर असून त्यातील तीन चौरस किलोमीटरहून थोडा अधिक भाग गाभा क्षेत्र आहे. घोषणेपासूनच स्थानिक मच्छीमारांनी अभयारण्याला विरोध केला. मासेमारीवर बंधने येतील आणि पिढ्यानपिढ्यांचे क्षेत्र हातून जाईल, ही त्यांची भीती होती. अभयारण्य कागदावर राहिले आणि त्याच पाण्यात पर्यटन वाढले, असे या प्रश्नाचे चमत्कारिक वळण आहे.

स्नॉर्केलिंग व स्कुबा डायव्हिंगचा व्यवसाय स्थानिक तरुणांनी मोठ्या प्रमाणावर उभा केला. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने तारकर्ली येथे स्कुबा डायव्हिंगचे प्रशिक्षण देणारी संस्था सुरू केली असून अनेक स्थानिक मार्गदर्शक तेथे तयार झाले आहेत. पर्यटकांना दिले जाणारे ‘स्कुबा’ हे बहुधा प्रशिक्षकाच्या हाती धरून थोड्या खोलीवर केलेले काही मिनिटांचे बुडणे असते. प्रमाणपत्राचा अभ्यासक्रम हा त्याहून पूर्णपणे वेगळा व काही दिवसांचा असतो. मासे जवळ यावेत म्हणून पाण्यात खाद्य टाकणे, प्रवाळावर उभे राहणे आणि त्यांवर नांगर टाकणे यांमुळे प्रवाळांची हानी होते. मोडलेला प्रवाळ पुन्हा वाढण्यास वर्षे लागतात.

पर्यटन व मच्छीमार

पर्यटकाला दिसणारा किनारा हा मच्छीमाराचे कामाचे ठिकाण आहे. पहाटे किनाऱ्यावर रापण ओढली जाते: होडीतून समुद्रात अर्धवर्तुळाकार सोडलेल्या लांब जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पुष्कळ माणसे मिळून ओढतात आणि आलेल्या मासळीचे वाटे करतात. हाताला हात लावणाऱ्या पाहुण्याला कोणी अडवत नाही. मात्र वाळूत पसरलेली जाळी तुडवणे किंवा त्यांवरून गाडी नेणे यावरून तंटे होतात.

रापणीची मासळी घटत गेल्याची तक्रार पारंपरिक मच्छीमार अनेक वर्षे करीत आहेत. पर्ससीन जाळ्यांनी होणारी यांत्रिक मासेमारी हे त्यांच्या मते त्याचे प्रमुख कारण असून मालवण हे या संघर्षाचे एक केंद्र राहिले आहे. ५ फेब्रुवारी २०१६ रोजी राज्य सरकारने पर्ससीन मासेमारीवर कालावधी व क्षेत्राची बंधने घालणारा आदेश काढला. अंमलबजावणीवरील वाद त्यानंतरही शमलेला नाही. मासळीवर घर चालेनासे झाले तेव्हा अनेक कुटुंबांनी होडी पर्यटकांसाठी वापरायला घेतली व घराची एखादी खोली पाहुण्यांना दिली. ही घरे बहुतांशी किनारी नियमन क्षेत्रात येत असल्याने त्यांच्या परवानग्यांचा प्रश्न वारंवार उभा राहतो. मोठ्या प्रकल्पांबाबत येथील मत सावध आहे. तोंडवळी–वायंगणी परिसरात प्रस्तावित झालेल्या ‘सी-वर्ल्ड’ प्रकल्पाला भूसंपादनाच्या मुद्द्यावर ग्रामस्थांनी तीव्र विरोध केला.

सुरक्षितता

वरवर शांत दिसणाऱ्या या किनाऱ्यावर अनेक ठिकाणी आत खेचणारे प्रवाह असतात आणि तळ अचानक खोल होतो. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणच्या वायरी किनाऱ्यावर बेळगावहून महाविद्यालयीन सहलीला आलेले आठ जण बुडून मृत्युमुखी पडले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कुबा डायव्हिंगहून परतणारी बोट उलटून दोन पर्यटकांचा मृत्यू झाला. पहिली घटना पोहण्याची, दुसरी होडीची. दोन्ही हंगामाच्या उत्तरार्धातील, जेव्हा दुपारचा वारा वाढू लागलेला असतो आणि गर्दीही शिगेला असते. प्रवासी होडीत लाइफ जॅकेट बंधनकारक आहे, ते उकाड्यामुळे सैल सोडणे किंवा मांडीवर घेऊन बसणे ही नेहमीची सवय धोकादायक ठरते. स्थानिक मच्छीमार ज्या जागी उतरू नका असे सांगतात तेथे फलक असो वा नसो, पाण्यात न उतरणेच योग्य असते. देवबागच्या संगमावर ओहोटीच्या वेळी नदीचे पाणी समुद्राकडे वेगाने ओढले जाते.

निवास व भोजन

शहरात लॉज व हॉटेले आहेत, परंतु मालवण–तारकर्ली–देवबाग पट्ट्यातील निवासाचा कणा म्हणजे घरगुती ‘न्याहारी व निवास’ व्यवस्था. यजमानीण स्वतः रांधते. म्हणून जेवण आधी सांगावे लागते, आणि त्या दिवशी होडीला काय मिळाले यावर ताटात काय येईल हे ठरते. सुरमई, पापलेट, बांगडा, कोळंबी, तिसऱ्या व मोरी यांची कालवणे, तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले, कोंबडी-वडे आणि जेवणाच्या शेवटी कोकम व नारळाच्या दुधाची सोलकढी हा येथील भोजनाचा परिचित क्रम आहे. न्याहारीला घावणे, तर गोडात नारळाच्या गोड रसासोबत शिरवाळे असतात. शाकाहारी प्रवाशांची गैरसोय होते हा समज पूर्णतः खरा नाही: सोमवारी, श्रावणात व देवाच्या वारी अनेक मालवणी घरांत मासळी शिजत नाही आणि काळ्या वाटाण्याची उसळ, फणसाची व काजूगरांची भाजी यांचा मान असतो. मासळीसाठी आलेल्या पाहुण्याने आपला मुक्काम कोणत्या वारी पडतो हे पाहिलेले बरे.

परिसर

मालवण–कुडाळ मार्गावरील धामापूर येथे १५३० मध्ये बांधलेला तलाव व काठावरील भगवती मंदिर आहे. २०२० मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळ म्हणून मान्यता मिळाली. कुडाळला उतरून मालवणकडे जाणाऱ्या किंवा परतीच्या गाडीपूर्वी काही तास हाती असणाऱ्या प्रवाशांना तो वाटेतच लागतो. उत्तरेस देवगड तालुक्यात कुणकेश्वर व विजयदुर्ग, दक्षिणेस निवती व वेंगुर्ला आहेत. कार्तिकानंतर तालुक्यातील गावोगावी देवळांच्या जत्रा सुरू होतात आणि रात्री उशिरा दशावतारी नाटक उभे राहते. त्याचे प्रयोग मंदिराच्या आवारात पहाटेपर्यंत चालतात. कोणत्या रात्री कोणत्या गावी प्रयोग आहे, ही माहिती मालवणच्या बाजारात किंवा एसटी स्थानकावर विचारल्यास मिळते.